अंगावरचा आकडा खोटा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझी भावंडं असतील. पोलादाचे दोन फाटे, खाली धरायला एक दांडा. रबराच्या ठोकळ्यावर आपटलं की गुणगुणतात आणि टेबलावर दांडा टेकवला की टेबलालाही गुणगुणायला लावतात. तुम्ही त्यांना नादकाटा म्हणता. मी तसाच एक आहे, फक्त फार जुना. माझ्या दांड्यावर ४४० हा आकडा कोरलेला आहे. एका सेकंदात मी तेवढ्या वेळा थरथरतो, असं कोरणाऱ्याचं म्हणणं. एके काळी ते खरं होतं.

आधीच सांगून ठेवतो. मला फारसं काही वाटत नाही. कुणी आपटलं तर तेवढ्यापुरता थरथरतो आणि मग थांबतो. त्यामुळे ही हकिकत सांगताना माझा आवाज कुठे चढला नाही, कुठे भरून आला नाही, तर मला निष्ठुर म्हणू नका. माझा धातूच तसा आहे.

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या साली पॅरिसजवळच्या एका कारखान्यात मी घडलो. पोलादाची कांब लाल करून वाकवली, तेलात बुडवली आणि मग एक चष्मेवाला कारागीर दिवसभर मला कानशीने घासत बसला. फाट्यांची टोकं घासली की सूर चढतो. दोन फाटे जिथे जुळतात त्या खोबणीत घासलं की सूर उतरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. संध्याकाळी त्याने मला कानाशी धरलं, मान डोलावली आणि आकडा ठोकला. सगळ्या जगाने मिळून तो सूर ठरवला होता, म्हणून मी कुठेही गेलो तरी बरोबरच असणार होतो.

मला बाझील नावाच्या माणसाने विकत घेतलं. तो फ्रान्सच्या पूर्वेकडच्या नान्सी शहरात राहायचा आणि चर्चमधले, म्हणजे तिकडच्या देवळांमधले, नळ्यांचे मोठे ऑर्गन जुळवून द्यायचा. थंडीत माझा सूर किंचित चढतो, म्हणून तो मला कोटाच्या आतल्या खिशात, छातीच्या उबेत ठेवी. पंधरा वर्षं मी तिथे राहिलो. त्याच्या छातीचे ठोके मला पाठ झाले होते.

हे काम एकट्याचं नसतं. एकाने ऑर्गनच्या पोटात, नळ्यांच्या जंगलात शिरायचं आणि दुसऱ्याने बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरायची. पट्ट्या दाबायला त्याची बायको सोलांज असे. आतून बाझील म्हणे, "पुढचा." म्हणजे पुढचा सूर. ती पुढची पट्टी दाबी. पुन्हा आतून "पुढचा." दिवसदिवस दोघांत एवढाच शब्द.

"लग्नाआधी याने मला किती गोड पत्रं लिहिली होती," सोलांज देवळातल्या झाडूवालीला सांगे. "आता 'पुढचा' एवढंच ऐकायला मिळतं."

"तेही प्रेमाने म्हणतो," आतून आवाज येई.

त्यांच्याकडे करड्या पत्र्याची एक गाडी होती. मागे अवजारं, पुढे ती दोघं, मधे पावाची पिशवी आणि मिराबेल नावाच्या पिवळ्या आलुबुखारांच्या मुरंब्याची बाटली. आम्ही बेल्जियमला गेलो, स्वित्झर्लंडला गेलो, इटलीच्या सरोवरांपर्यंत उतरलो. बाझील ऑर्गन ऐकायला जाई आणि सोलांज बाकी सगळं ऐके. कालव्याकाठच्या एका गावात धुण्याच्या कट्ट्यावर बायका लाकडी थोपटण्यांनी कपडे बडवत होत्या. ती थांबली आणि म्हणाली, "ऐक, डावीकडची म्हातारी सम देते, बाकीच्या तिच्यावर येतात." ऐकलं तर तसंच होतं. बेल्जियममधल्या एका लहान शहरात घड्याळाच्या मनोऱ्यावर घंटांचा संच दर पंधरा मिनिटांनी एक धून वाजवी. त्यातला एक हातोडा युद्धात गळून पडला होता, म्हणून धुनेत एका जागी खळगा येई. तो सूर त्या शहरातले लोक चालता चालता शिटीने भरत. मासे विकणारीही भरी आणि पोलीसही भरी. कुणाला आपण काही वेगळं करतोय असं वाटत नसे. इटलीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर मँडोलिन टांगलेली होती. ज्याची पाळी यायची असेल त्याने ती वाजवत बसायचं. एकदा बाझीलची दाढी निम्मी झाली असताना न्हाव्यानेच वस्तरा खाली ठेवून ती हातात घेतली. अर्ध्या साबणासकट बाझील पंधरा मिनिटं तसाच बसून होता.

मी खिशात असे. मला मधूनमधून बाहेर काढत, गुडघ्यावर आपटत, माझं ऐकत आणि परत ठेवत. सगळीकडे मी बरोबर होतो.

फक्त एका गावात मला बाहेर काढत नसत. ते वालब्रुन. डोंगरातलं गाव, उतरत्या छपरांचं, आणि सोलांजचं माहेर. युद्धांत तिथल्या मोठ्या घंटा तोफांसाठी नेल्या गेल्या होत्या. उरलेल्या एकुलत्या लहान घंटेचं नाव बार्ब. तिकडे घंटांचंही बारसं होतं. देवळातला ऑर्गन दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या बार्बच्या सुराशी जुळवून बांधला होता. तो माझ्यापेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली. गावात कुणी वारलं की आधी बार्बचे ठोके पडत, सावकाश, एकेक. ठोक्याचा नाद विरत जाई आणि त्या विरण्यातच ऑर्गन शिरे, असा की घंटा कुठे संपली आणि ऑर्गन कुठे सुरू झाला हे कुणाला सांगता येत नसे. मग त्या सुरावर सगळं गाव निरोपाचं गाणं गाई. सोलांजच्या आईला असाच निरोप दिला होता, वडिलांनाही.

"इथे काटा खिशातच ठेवायचा," सोलांज दर वर्षी गाडीतून उतरताना सांगे. "इथला ऑर्गन बार्बला विचारून जुळतो."

"घंटेला काय विचारायचं? ती बाई एकच शब्द बोलते."

"तू तरी कुठे दोन बोलतोस? आणि हे बघ, मला इथेच आणायचं. बार्ब, मग ऑर्गन, मग गाणं. यात काही राहिलं तर मी उठून बसेन."

"बस. पट्ट्या दाबायला कुणीतरी हवंच आहे."

बाझील तिचं ऐके आणि मला खिशात ठेवी. पण मनातून त्याला ती माहेरची माया वाटे. सुराचं काही कारण असेल असं त्याने कधी धरलं नाही. पंधरा वर्षं छातीशी असल्यामुळे एवढं मला कळत होतं.

एकसष्ट साली सोलांजचा खोकला थांबेना. ईस्टरच्या आठवड्यात वालब्रुनहून बोलावणं आलं, तेव्हा ती अंथरुणात होती. बाझील एकटाच निघाला. तो दारात पोचला तेव्हा तिने अंथरुणातूनच काहीतरी सांगायला हात वर केला आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिने हातानेच 'जा' म्हटलं.

आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचलो. त्या दिवसांत तिकडे देवळातली घंटा वाजत नाही, ऑर्गनही वाजत नाही. गुरुवारच्या प्रार्थनेनंतर घंटा रोमला जातात आणि शनिवारी संध्याकाळी परत येतात, असं म्हणतात. तोवर गावातली पोरं लाकडी खुळखुळे फिरवत गल्लोगल्ली ओरडतात, "दुपार झाली हो." ऑर्गन दोन दिवस मोकळा, म्हणून तो दुरुस्तीला सगळ्यांत सोयीचा काळ.

वर देवळाच्या माडीवर, ऑर्गनपाशी, बाझीलची वाट बघत दोघं उभी होती. एक क्लोतील्दबाई, तीस वर्षं तो ऑर्गन वाजवणाऱ्या. दुसरा फिर्मां, गावचा पाववाला आणि बँडचा म्होरक्या. त्याच्या काखेत एक नवं कोरं ट्रम्पेट होतं.

"मास्तर, हे ऐका," फिर्मां म्हणाला आणि त्याने एक सूर फुंकला. "बँडची सगळी वाद्यं नवी आली. कारखान्याच्या सुरात. तुमचा हा ऑर्गन त्यांच्याशी बोलतच नाही. ईस्टरच्या सकाळी आम्ही एकत्र वाजवणार आहोत. दोन दिवसांत वर आणता येईल?"

बाझीलने मला बाहेर काढलं. वालब्रुनमध्ये पहिल्यांदाच. गुडघ्यावर आपटून त्याने मला ट्रम्पेटशेजारी धरलं. आम्ही दोघं तंतोतंत एक होतो.

"येईल," तो म्हणाला. "नळ्या कापाव्या लागतील."

"मग कापा की. पावाची कडही मी कापतोच."

शुक्रवारी उजाडताच काम सुरू झालं. नळी आखूड केली की तिचा सूर चढतो. शंभराच्या वर नळ्या. बाझील पोटात, क्लोतील्दबाई पट्ट्यांवर. "पुढचा." "पुढचा." प्रत्येक वेळी आधी मला आपटत, माझा सूर ऐकत, मग कात्री चाले आणि धातूचा वेढा खाली पडे.

शनिवारी दुपारी क्लोतील्दबाई म्हणाल्या, "मास्तर, मला जरा परकं वाटतंय."

"बाई, तुमचे कान माझ्या आजीच्या वयाचे आहेत," फिर्मां म्हणाला. "आठ दिवसांत सवय होईल."

त्या हसल्या आणि त्यांनी पुढची पट्टी दाबली. घंटेचं नाव तिघांपैकी कुणीच काढलं नाही. घंटा हे वाद्य नाही, तिला यादीत कुणी धरत नाही. शिवाय त्या दोन दिवसांत ती गावात नव्हतीच, रोमला गेलेली होती. बाहेर पोरं खुळखुळे फिरवत होती.

शनिवारी दिवेलागणीला देऊळ भरलं. प्रार्थनेत एक जागा येते, तिथे दोन दिवसांची शांतता मोडते. घंटा आणि ऑर्गन एकदम वाजतात. घंटा परत आली, असं म्हणतात. खाली दोर ओढला गेला, वर क्लोतील्दबाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

काय झालं ते मी साध्या शब्दांत सांगतो. दोन सूर अगदी शेजारी असले आणि एक नसले, तर ते एकमेकांना घासतात. हवा घरघरते. पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीने कानांवर हात ठेवले. म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. फिर्मांने साथीला ओठाला लावलेलं ट्रम्पेट खाली घेतलं. क्लोतील्दबाई शेवटपर्यंत वाजवत राहिल्या, कारण थांबायचं कुठे हे त्यांना कळेना. बाझील खांबाला टेकून उभा होता. त्याच्या छातीचे ठोके मला ओळखू आले नाहीत.

प्रार्थनेनंतर फिर्मां वर आला. "मास्तर, नळ्या पुन्हा लांब करता येतात ना?"

"पाव कापल्यावर अख्खा होतो?"

"डाग देऊन जोड लावला तर?"

"आवाज तो राहणार नाही," बाझील म्हणाला.

ईस्टरच्या सकाळी बँड आणि ऑर्गन छान जुळले. लोकांनी फिर्मांचं कौतुक केलं, बाझीलचंही. माझंही म्हणायला हवं. बार्ब त्या वेळी वाजू नये एवढी काळजी घेतली गेली.

घरी आल्यावर सोलांजने विचारलं, "बार्ब आली का रोमहून वेळेवर?"

"आली," तो म्हणाला.

त्याने पुढचं सांगितलं नाही. वसंत गेला, उन्हाळा आला. सोलांजचं अंथरूण स्वयंपाकघरात, खिडकीपाशी हलवलं. तिथेच त्याचं कामाचं टेबल होतं. ती दिवसेंदिवस लहान होत चालली होती. तो बाहेरगावची कामं घेईनासा झाला. ऑगस्टमधल्या एका दुपारी ती म्हणाली, "मला वालब्रुनचा सूर दे."

त्याने मला आपटलं आणि तिच्या उशाच्या लाकडाला टेकवलं.

"हा नाही. हा सगळ्या जगाचा झाला. आमचा दे."

त्याने मला तसंच धरून ठेवलं. मी हळूहळू थांबलो.

"बाझील, ऑर्गनला काय केलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"क्लोतील्दचं दर महिन्याला पत्र येतं. ईस्टरपासून तिने ऑर्गनबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. नळ्या कापल्यास ना?"

"हो."

"किती?"

"सगळ्या."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. तिने रागावायला हवं होतं, असं मला वाटतं. ती रागावली नाही.

"काट्याचा सूर उतरवता येतो?" तिने विचारलं.

"येतो. पण मग तो कुठेच चालणार नाही."

"मग उतरव."

त्याने मला टेबलाच्या शेगड्यात, दोन लोखंडी जबड्यांच्या पकडीत, आवळून धरलं आणि खोबणीत कानस लावली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. थोडं पोलाद कमी झालं, एवढंच. तो घाशी, मला आपटी, लाकडाला टेकवी. ती डोळे मिटून ऐके. घंटा दूर होती, ऑर्गन उरला नव्हता. वालब्रुनचा सूर आता फक्त तिच्या कानात होता.

"पुढचा," ती म्हणाली.

त्याने घासलं.

"पुढचा."

पुन्हा घासलं. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. चमकणारा चुरा त्याच्या बाहीवर साचला होता. मधे तिला डुलकी लागली, तेव्हा तो कानस हातात धरून नुसता बसून राहिला. जागी झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "पुढचा." तिने किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही.

मग ती म्हणाली, "थांब. हा."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला वालब्रुनला आणलं. देऊळ भरलं होतं. बाझीलने सकाळीच क्लोतील्दबाईंना सांगितलं होतं, "ऑर्गन नको." त्या तरीही माडीवर जाऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. फिर्मां दाराशी ट्रम्पेटशिवाय उभा होता.

बार्बचे ठोके पडले, सावकाश, एकेक. शेवटच्या ठोक्याचा नाद विरत गेला आणि जिथे ऑर्गनने शिरायचं तिथे काहीच आलं नाही. लोकांनी गाणं उचललं. पण पाच महिने ते दर रविवारी नव्या सुरातल्या ऑर्गनबरोबर गात होते. निम्म्यांच्या गळ्यात बार्बचा सूर आला, निम्म्यांच्या गळ्यात माझा जुना. पहिली ओळ फाटली. दुसऱ्या ओळीला अर्धे लोक थांबले, मग उरलेलेही थांबले. गाणं मधेच सुटून गेलं. देवळात एवढ्या माणसांच्या श्वासाचा आवाज येत होता.

बाझील पुढे झाला. त्याने मला खिशातून काढलं, गुडघ्यावर आपटलं आणि माझा दांडा शवपेटीच्या झाकणावर टेकवला.

लाकूड बोललं. मी एकटा हवेत असतो तर पहिल्या बाकापर्यंतही ऐकू गेलो नसतो. पण ओकची ती पेटी माझ्याबरोबर थरथरली आणि बार्बचा सूर, जिथे विरला होता तिथून, खालून वर आला. आधी माडीवरून क्लोतील्दबाईंनी धरला. मग फिर्मांने, भसाड्या आवाजात, पण नेमका. मग सगळ्यांनी. बाझीलने मला चार वेळा आपटलं, प्रत्येक कडव्याला एकदा. तो स्वतः गायला नाही.

जाताना त्याने मला क्लोतील्दबाईंच्या हातात ठेवलं. "हा आता इथलाच," तो म्हणाला. "बाहेर नेलात तर चुकेल." त्याने दुसरा काटा घेतला असेल. तो पुन्हा वालब्रुनला आला, तो थेट सोलांजच्या शेजारी राहायला. तेव्हा त्याच्याही पेटीवर मला टेकवलं. लाकूड वेगळं होतं, सूर तोच.

तेव्हापासून गावात तीच रीत पडली. घंटा, मग पेटीवर काटा, मग गाणं. फिर्मांला तसंच पोचवलं, क्लोतील्दबाईंनाही. पुढे गावातली माणसं शहरांत गेली. देवळात ध्वनिक्षेपक बसला आणि गाणी यंत्रातून लागू लागली. मला गावच्या कचेरीतल्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. खाली चिठ्ठी आहे, 'जुना नादकाटा'. उन्हाळ्यात प्रवासी येतात. त्यांना हे गाव फार आवडतं. खिडक्यांतली फुलं, उतरती छपरं, कारंजं. ते फोटो काढतात आणि जातात. मागे एका मुलीने मला बाहेर काढायला लावलं, आपटलं आणि फोनवर मोजलं. "आकडा चुकीचा आहे," ती आईला म्हणाली. त्यानंतर चिठ्ठीवर कुणीतरी 'सदोष' असं लिहिलं.

लिहू देत. ते खरंच आहे. जगातल्या कुठल्याही वाद्यवृंदात मी आता बेसूर ठरेन.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गावोगाव फिराल, हातात अवजारं घ्याल. मी हुशार नाही, पण मोडायलाही वापरला गेलो आहे आणि सांधायलाही, म्हणून एवढं मागतो. कुठलीही जुनी गोष्ट बेसूर वाटली, तर ती नीट करण्याआधी एक दिवस तिच्याजवळ गप्प बसा. ती कुणाशी जुळलेली आहे ते ऐका. जिच्याशी जुळलेली आहे ती त्या दिवशी गावाला गेलेली असेल, तर ती परत येईपर्यंत थांबा. कात्री कुठे पळून जात नाही.

आता बारा वाजत आले. बार्ब अजून आहे, दोर जाऊन मोटार आली, पण आवाज तिचाच आहे, आणि सूर माझाच. ती वाजते तेव्हा हे कपाट बंद असतं, दिवाणखान्यात कुणी नसतं. तरी काचेवर एक बारीक कंप येतो. कपाट पुसणाऱ्या बाईंना वाटतं, रस्त्यावरून ट्रक गेला.

तो मी असतो. मला कुणी आपटलेलं नसतं.